कांजी केलेले लंगोट

आमचे मामाजी माणसाला भेटले की आधी त्याच्या कपड्याला हात लावत. रामराम नंतर. समोरचा बोलत असे, आणि यांची दोन बोटं त्याच्या धोतराच्या काठाशी नाहीतर बंडीच्या टोकाशी चाळा करत. सूत कुठलं, पीळ कसा, कापड किती पावसाळे धुतलेलं, हे सगळं त्यांना त्या दोन बोटांत कळे. माणूस कसा आहे हे मात्र जन्मभर कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. म्हणजे आपसांत म्हणतात. समोर बोलायची सोय नव्हतीच. ते ओसरीवर आले की आम्ही भिंतीआड. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत, आणि मी आत ऐकते आहे हे ठाऊक असल्यामुळे मोठ्यानं सांगत. "तिले सांग, दिवा मोठा कावून ठेवते?" मी त्याचं उत्तर देई तेही सासूबाईंनाच. बिचाऱ्या दोघांच्या मधे उभ्या राहून मान हलवत.

लोक मला म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं आठवावं. मी आठवून पाहिलं. ते व्यसनी नव्हते, कुणावर हात उगारत नसत, सणाला देवळात जात. झालं. यापुढचं गोड करून सांगायला मला जमत नाही.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, म्हणून तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या अमरावतीच्या कापसाची गोडी लागली. आम्हा बायकांना यातलं इतकंच कळलं की घरात गादी राहिली नाही. मामाजींनी एका सकाळी सगळ्या गाद्या, उशा, रजया अंगणात आणवल्या, स्वतः बसून उसवल्या, आणि आतला कापूस पिंजून घेऊन विकला. त्या रजयांत सासूबाईंच्या लग्नातलीही एक होती. तिच्यातला कापूस पिवळा पडला होता. तो त्यांनी ढिगाच्या मधोमध घातला, म्हणजे वरून दिसू नये. आम्ही त्यानंतर कडब्यावर घोंगडी टाकून निजत असू. मामाजी स्वतः सरकीचं पोतं उशाला घेत. सरकीला अजून भाव आला नव्हता, एवढंच तिचं नशीब.

मूळचे ते शेतकरीच. काळी, कसदार जमीन होती, आणि नुसती ती कसत राहिले असते तरी घर सुखात चाललं असतं. पण भाव चढले तसे ते अडत, म्हणजे कापसाची दलाली, करू लागले. आमच्या यांना, म्हणजे माझ्या मालकांना, त्यांनी अकोल्याला बसवलं, तिकडची खरेदी पाहायला. ते वर्षातून सणापुरते घरी येत. बापापुढे त्यांचं काही चालत नसे, त्यामुळे आले काय आणि न आले काय, सारखंच.

मामाजींना कापूस वाया गेलेला बघवत नसे. गाड्या बाजाराकडे निघाल्या की वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राही. आमचे मामाजी, ज्यांच्या दारात कापसाच्या बोज्यांच्या थप्प्या लागलेल्या, ते बाजारातून पायी येताना बाभळीबाभळीपाशी थांबत आणि तो कापूस वेचून ओच्यात घेत. घरी आले की हाताला काट्यांचे ओरखडे आणि चेहऱ्यावर समाधान. ते ओरखडे ते सासूबाईंना कौतुकानं दाखवत.

आणि तेच मामाजी तिन्हीसांजेला मागच्या अंगणात कापसाच्या गंजीवर पाणी शिंपडून घेत. पाण्यानंतर चाळलेली बारीक माती, थोडी सरकी, मग पुन्हा कापूस. मग बोजा आवळून बांधायचा. हे काही ते लपूनछपून करत नसत. "समदे करतात," असं म्हणत. "कापूस बोलत नसते. वजन बोलते." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. ते कुठेही बोलत. भाकरी हातात घेतली तरी आधी हात खालीवर करून तिचं वजन पाहत, मग मोडत.

मी त्यांना मोकळेपणी हसताना एकदाच ऐकलं. मला तेव्हा दिवस भरत आले होते. थोरली मुलगी माझ्या माहेरी, मोर्शीला झाली होती. तेव्हा आई होती. तिनं आजोबांची जुनी धोतरं वर्षभर जपून ठेवली होती, पुन्हा पुन्हा धुवून साईसारखी मऊ केलेली. त्याचे तिनं चौकोनी तुकडे फाडले, तिरके दुमडून लंगोट कसा बांधायचा ते मला शिकवलं. गाठ पोटावर नको, बाजूला, बेंबीला लागत नाही अशी. थोरली त्या तुकड्यांत वाढली, तिच्या अंगावर कधी पुरळ म्हणून उठलं नाही. पुढे आई गेली. म्हणून दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, आणि थोरलीच्या लंगोटांचं, दुपट्यांचं गाठोडं मी धुऊन, उन्हं दाखवून तयार ठेवलं.

तर त्या दिवशी अचलपूरचा एक कापडवाला दारात आला. पाठीवर गठ्ठा, दाढीला मेंदी, बोलणं लाघवी. त्यानं ओसरीवर एक पांढरंशुभ्र ठाण उलगडलं. "विलायती माल है मालक. हात लगाके देखो." मी दाराआडून पाहत होते. मामाजींनी कापड बोटांत धरलं, चोळलं, मग दोन्ही मुठींत घेऊन करकचून चुरगाळलं. कापडातून पांढरी भुकटी भुरभुर खाली पडली. धोतरावर पडली, ओसरीवर पडली.

कापडवाल्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आता हा म्हातारा मला हाकलणार. मामाजी त्या भुकटीकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की आतून सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

"माती हाये!" ते सासूबाईंना म्हणाले. "अवं, आपण कापसात माती घालतो, ते लेकाचे कापडात घालून रायले! आपली माती तिकडं गेली, पांढरी होऊन आली!"

"मंग वापस करा ना," सासूबाई म्हणाल्या.

"वापस? हात लावून पाह्य. वजन पाह्य ना कसं हाये!" त्यांनी ठाण तळहातावर तोललं. त्यांच्या डोळ्यांत त्या अनोळखी गोऱ्या लबाडांविषयी जो आदर मी पाहिला, तो त्यांनी घरातल्या कुणाला कधी दाखवला नव्हता. मग त्यांनी ते ठाण विकत घेतलं. म्हणाले, "नातवाचे लंगोट याचेच होतील."

माती आहे हे त्यांना कळलं नव्हतं, त्यांना कुणी फसवलं, असं मी म्हणू शकले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना कळलं होतं. त्यांनी हातात घेऊन पाहिली होती.

हा हट्ट का, तर समोरच्या घरापायी. रस्त्यापलीकडे दुसरे एक अडते राहत. त्यांच्याकडे दिवाळीच्या सुमारास नातू झाला, आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या दोरीवर जुनेरांचे आणि धोतरांचे तुकडे वाळू लागले. मामाजींना हे फार लागलं. म्हणजे फार आवडलं. रोज ओसरीवर बसून ते त्या दोरीकडे बघत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "मुंबईले कापूस पाठवते अन् नातवाले चिंध्या! पाहून घ्या." आपल्या घरी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तिथेच मनाशी ठरवलेलं. मागच्या अंगणातली आमची दोरी सोडवून त्यांनी पुढे, रस्त्याच्या अंगाला बांधून घेतली. मूल जन्मायच्या आधी दोरी तयार होती.

थोरलीचं गाठोडं मला बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यात सापडेना. मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं. बोजे शिवणाऱ्या माणसांना गोणपाटाच्या भोकांना ठिगळं लावायला कापड हवं होतं. मामाजींनी ते गाठोडं त्यांच्यापुढे टाकलं होतं. माझ्या आईनं मऊ केलेले ते तुकडे कापसाच्या बोज्यांवर शिवले जाऊन मुंबईच्या वाटेला लागले. मी चुलीपुढे बसून रडले. पण रडायलाही मला धुराचं निमित्त लागलं, कारण उघड रडले असते तर ते ओसरीवर कळलं असतं.

पौषात मुलगा झाला. गोरा, लांब बोटांचा, आवाजानं खणखणीत. सुईणबाईनं हात धुऊन पहिली गोष्ट मागितली ती जुनं कापड. दारातून ते पांढरं नवं ठाण आत आलं. सुईण बघतच राहिली.

"अवं माय, कोरं कापड पयल्या दिवशी कोनी पोराले लावते का? धोतर द्या एखादं घरातलं. नाई त शेजारून मागून आणते. मागून आणलेलं चांगलं असते."

बाहेरून आवाज आला. "तिले सांग, माह्या घरी मागून आणायची पाळी नाई आली अजून."

सुईण आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या येणारी. तिनं पहिल्या दिवशी आपल्याच डोक्यावरचा पदर फाडून पोराला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तिला निरोप गेला की आता येऊ नकोस, घरचे बघतील.

त्या विलायती कापडाचे लंगोट मी केले. पहिल्या धुण्यात घंगाळातलं पाणी दुधासारखं झालं आणि कापडाची जाळी झाली. दोरीवर घातलं तर पलीकडचा रस्ता दिसे. समोरच्या ओसरीवर कुणीतरी हसलं. मामाजी आत आले, आणि सासूबाईंना हुकूम झाला की लंगोटांना कांजी करायची.

आमच्याकडे भात सणासुदीला. एरवी ज्वारीची भाकरी. पण कांजीसाठी घरात तांदूळ आला. बाळंतिणीला भात मिळाला नाही आणि लंगोटांना पेज मिळाली. वाळले की ते लंगोट ताठ उभे राहत. टिचकीनं वाजवावं असे वाजत. रस्त्यानं जाणारा गाडीवानसुद्धा मान वळवून बघे, आणि मामाजी ओसरीवरून त्याच्याकडे बघत. असं सुख मी त्यांच्या तोंडावर नातवाला मांडीवर घेतानाही पाहिलं नाही. मांडीवर त्यांनी त्याला घेतलं ते बाराव्या दिवशी, आणि तेही खालीवर करून. "वजनदार हाये," म्हणाले.

आता कांजी केलेलं कापड ओलं झालं की काय होतं, हे ज्यांनी मूल सांभाळलं आहे त्यांना सांगायला नको. पेज भिजते, चिकट होते, मग थंडीत गार पडते आणि कातडीला धरून बसते. लंगोट सोडायला गेलं की पोर किंचाळे. मांड्यांच्या सांध्यात आधी लाल झालं, मग कातडी सोलली, मग पाणी येऊ लागलं. मी तूप-हळद लावत होते. त्यावर पुन्हा तोच लंगोट.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पोराचं अंग सोलून निंघालं. तुमी पाह्यलं नाई का?"

"पाह्यलं वं."

"मंग सांगा ना त्याहिले."

त्या बाहेर गेल्या. मग मामाजींचा आवाज: "नव्या कापडाची सवय लागाले दिवस लागतात. बैलाले नवं जू लावलं त खांदा सोलत नाई का?" सासूबाई परत आल्या आणि गुपचूप भाकरी थापायला बसल्या.

माझ्या पेटीत आईचं एक लुगडं होतं. ती गेल्यावर मला तेवढंच मिळालं होतं. मोर्शीकडच्या कोष्ट्यानं विणलेलं, घरच्या सुताचं, रंग धुऊन धुऊन गेलेला, अंगाला लावलं की आहे की नाही कळू नये इतकं मऊ. मी ते एका टोकाकडून फाडायला घेतलं. फाडताना वाईट वाटलं का? नाही. आई असती तर तिनं माझ्या हातून ओढून घेऊन स्वतः फाडलं असतं.

ते लंगोट मी चुलीमागच्या वळचणीला वाळवत असे. दोनतीन दिवसांत पोराचं रडणं कमी झालं. जखमा सुकायला लागल्या. ते पुन्हा दूध ओढून पिऊ लागलं, आणि झोपेत ओठ हलवू लागलं. मला वाटलं, जिंकलं.

पण पुढची दोरी रिकामी राहू लागली. मामाजींच्या ते लगेच ध्यानात आलं. "दोरीवर काई नाई आज?" यावर युक्ती सासूबाईंनी काढली, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांनी नवऱ्याला फसवलं असेल तर तेवढंच. त्या रोज सकाळी ते पांढरे लंगोट कोरेच पाण्यात बुडवत, कांजी करत आणि थाटात दोरीवर घालत. आत पोर माझ्या आईच्या लुगड्यात, बाहेर मामाजींची अब्रू वाऱ्यावर. आम्ही दोघी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायचो. त्या घरात मी इतकी कधी हसले नव्हते.

हे किती चाललं असतं? चालू दिलं असतं तर पोर चालायला लागेपर्यंत चाललं असतं. पण भेसळ ओळखण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या डोळ्यांसमोर आम्ही भेसळ करत होतो. एक दिवस बाजारातून येताना मामाजी दोरीपाशी थांबले. सवयीनं हात गेला असणार. एक लंगोट बोटांत धरला, चोळला, नाकाशी नेला. मग दुसरा. मग दोरीवरचा एकेक लंगोट त्यांनी हुंगला. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत.

ते आत आले ते थेट स्वयंपाकघरात. सासरा म्हणून त्यांनी तिथं यायचं नव्हतं. मी पोराला घेऊन भिंतीकडे तोंड केलं.

"याले मुताचा वास कावून नाई?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मले? मले फसवून रायल्या तुमी? बाजारात मले कोनी फसवलं नाई आजलोक!"

वळचणीला लुगड्याचे तुकडे वाळत होते. त्यांनी ते काढले. त्यांचा हात क्षणभर त्या कापडावर थांबला हे मी पदराआडून पाहिलं. बोटांना कळलंच असेल. पण ते बोटांचं ऐकणारे नव्हते. त्यांनी सगळे तुकडे गोळा केले आणि गाडीवानाला नेऊन दिले, आसाला वंगण लावायला. पोराच्या अंगावर होता तोही सासूबाईंना सोडायला लावला. आणि म्हणाले, "आजपासून लंगोट तू बदलशील. तिच्या हातात द्यायचा नाई."

सासूबाईंवर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या पाया पडले. उरलेलं लुगडं माझ्या पेटीत आहे, तुम्ही मध्ये पडू नका, मी लपवून बांधीन, असं म्हटलं. त्या रडत होत्या आणि रडत रडत तो पांढरा, ताठ लंगोट माझ्या पोराच्या मांड्यांत घालत होत्या. "ते संध्याकाळी पाहतात वं," एवढंच म्हणत होत्या. आणि खरंच, मामाजी रोज येऊन दोरीवरचे लंगोट हुंगत, आणि समाधान झालं की हात धुऊन जेवायला बसत.

माघाची थंडी होती. सुकलेल्या जखमा पुन्हा फुटल्या. आधी होत्या त्याहून खोल. मग मांड्या सुजल्या, लाल रेघा पोटाकडे चढल्या, अंग तापलं. सुईणबाईला बोलवा म्हटलं, तर मामाजी त्या दिवशी खामगावच्या बाजाराला गेलेले, आणि त्यांना विचारल्याशिवाय सासूबाई तिला बोलवेनात. शेवटी मीच पोराला पदराखाली घेऊन, बाळंतीण असून, उंबरा ओलांडून रस्त्यानं तिच्या घरी गेले. तिनं लंगोट सोडून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. "उशीर केला वं बाई," म्हणाली. मी केला नव्हता. पण मी ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पोर गेलं. दूध पिता पिता थांबलं.

यावर काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही. मला झाल्या गोष्टीचा राग आजही आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

मामाजी खामगावहून आले तेव्हा पोराला मातीत ठेवून झालं होतं. ते ओसरीवर बसले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं; खोटं सांगणार नाही. मग त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं. त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"ते काढून घे. धुऊन, कांजी करून पेटीत ठेव. पुढच्याले येतील."

पुढे काय झालं ते सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. तिकडची लढाई संपली, भाव कोसळले, आणि आमचा कापूस जिथे होता तिथेच पडून राहिला. मामाजींनी बोजे धरून ठेवले होते, भाव आणखी चढेल म्हणून. आत घातलेल्या पाण्यानं ते सडले. उघडले तेव्हा काळे निघाले, आणि वास रस्त्यापलीकडे गेला. अडत बंद झाली, जमिनीचा मोठा तुकडा गेला. आमचे हे अकोल्याला दुसऱ्याच्या दुकानी बसू लागले. मला नंतर दोन मुलं झाली, दोन्ही जुन्या धोतरांच्या लंगोटांत वाढली, कारण आता घरात जुन्याशिवाय काही नव्हतं. त्या लंगोटांकडे मामाजी ढुंकूनही बघत नसत. समोरच्या दोरीकडे बघणंही त्यांनी सोडलं होतं. पण कुणी भेटलं की दोन बोटं कपड्याला लागतच. ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामाजींना अर्धांग झालं. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि ते पोरासारखे जागच्या जागी ओले होऊ लागले. हे अकोल्याला. घरात मी, पोरं आणि ते. आता मधे उभं राहायला कुणी नव्हतं, आणि लाज धरायला दोघांनाही सवड नव्हती. त्यांचं सगळं मीच करत असे. जुन्या धोतरांचे लंगोट करून बांधत असे. पण पडून पडून त्यांची कातडी गेली. कमरेला, मांड्यांना जखमा झाल्या. धोतरं विटून फाटली, जी उरली ती जाडीभरडी. लंगोट सोडायला गेलं की ते दातओठ खात.

एका दुपारी मी पेटी उघडली आणि आईचं उरलेलं लुगडं काढलं. दया आली असं कुणी समजू नये. उघड्या मांसावर जाड कापड बांधणं माझ्या हातांना जमेना, इतकंच. मी ते फाडलं, दुमडलं, त्यांना कुशीवर वळवून खाली सारलं आणि गाठ बाजूला बांधली.

ते डोळे मिटून होते. उजवा हात हळूहळू खाली गेला, आणि दोन बोटांनी त्यांनी ते कापड धरलं. चोळलं. बराच वेळ चोळत राहिले.

"हे कुठचं, सूनबाई?" त्यांनी विचारलं. वाकड्या तोंडानं बोलत, पण समजत असे.

"माह्या मायचं लुगडं होय."

"मऊ हाये. लय मऊ." मग ते म्हणाले, "असं घरात होतं, त त्या पोट्ट्याले कावून नाई लावलं?"

माझा हात गाठीवर होता, तो तिथेच राहिला. "लावलं होतं, मामाजी. तुमीच काढून नेलं."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत कावा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"मी?" ते म्हणाले. "मी कशाले काढून नेईन? माह्या नातवाचं?" आणि मान हलवून, स्वतःशीच पुटपुटले, "बायकाइचं ध्यान नसते."

मग त्यांनी त्या कापडावरची बोटं न काढता डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.